घाटात खंड्याला कुठं बसवायचं?

पत्र: ‘आम्ही कोथरूडला राहतो. घरात आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि खंड्या. खंड्या लॅब्रेडॉरचा क्रॉस, चार वर्षांचा, वजन 32 किलो. गणपतीला दरवर्षी गुहागरजवळच्या गावी जातो. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या पुढं बसतात. मागं मी, मुलगा आणि खंड्या. गाडी पाच सीटची हॅचबॅक, सीएनजीची, त्यामुळे डिकीत टाकी. मागं तिघांनाही खांद्यावरून येणारे सीटबेल्ट आहेत. खंड्या आजवर मोकळाच आला. कधी मुलाच्या मांडीवर डोकं, कधी खिडकीबाहेर. मागच्या वर्षी कुंभार्ली घाट उतरताना गाय आडवी आली, यांनी कचकन ब्रेक मारला आणि खंड्या दोन सीटच्या मधून थेट गिअरवर येऊन आदळला. वेग कमी होता म्हणून निभावलं. आता गणपतीला महिना उरलाय आणि मला तेच आठवतंय. हे म्हणतात, गळ्यातल्या पट्ट्याला साखळी लावून ती खिडकीवरच्या हँडलला बांधू. सासूबाई म्हणतात, घरचं लेकरू आहे, त्याला बांधून काय न्यायचं? काय विकत घेऊ, कुठं बसवू आणि घरच्यांना कसं पटवू? शिवाय घाटात त्याला गाडी लागते, उलट्या होतात. अ‍ॅव्होमिन दिली तर चालेल का?’ एक वाचक, पुणे

ताई,

तुमची काळजी अगदी रास्त आहे. महिना हातात असताना विचारलंत हे फार बरं झालं, कारण या कामात दुकानातल्या खरेदीपेक्षा घरातली तयारी जास्त वेळ घेते.

आधी तुमच्या यजमानांचं म्हणणं घेते, कारण त्यात धोका आहे. गळ्यातल्या पट्ट्याला साखळी अडकवून कुत्र्याला गाडीत कधीही बांधू नका, हँडललाच काय, कशालाच नाही. ब्रेक लागला की सगळं अंग पुढं जातं आणि मान मागं राहते. श्वासनलिका, मणके, सगळा मार तिथंच बसतो. खिडकीवरचं हँडल माणसानं आधाराला धरायचं असतं, धडकेचा जोर पेलायला ते बनवलेलंच नसतं. म्हणजे हँडल टिकलं तर मानेवर बेततं आणि तुटलं तर बांधूनही कुत्रा मोकळाच.

जोर किती असतो ते एकदा आकड्यात बघा. ताशी 50 किलोमीटर वेगानं जाणारी गाडी धडकून साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर 32 किलोच्या खंड्याला जागेवर रोखायला साडेचारशे किलो वजनाइतका जोर लागेल. तुमच्या मुलाचे हात ते करू शकत नाहीत, तुमचे नाही, कुणाचेच नाहीत. आणि त्याला कुणी रोखलं नाही तर तेवढ्याच जोरानं तो समोरच्या सीटवर जातो. समोरच्या सीटवर कोण आहे? तुमच्या सासूबाई. घरी पटवायचं असेल तर हे नुसतं तोंडी सांगू नका, कागदावर काढून दाखवा.

आता काय घ्यायचं. छातीवर रुंद, गादी असलेला पट्टा येणारा कारमधला हार्नेस घ्या. फिरायला नेण्याचा हार्नेस वेगळा आणि गाडीतला वेगळा. फिरायच्या हार्नेसचे प्लास्टिकचे खटके साखळीचा हिसका सोसतात, धडक नाही. गाडीसाठी जो घ्याल त्याची भार येणारी कडी धातूची हवी, पट्टा सीटबेल्टसारखाच घट्ट विणीचा हवा आणि जोडावरची शिलाई दुहेरी-तिहेरी, आडवी-उभी मारलेली हवी. खोक्यावर ‘क्रॅश टेस्टेड’ छापलेलं असेल तर कुणी तपासलं आणि किती वजनाच्या कुत्र्यासाठी, हे विक्रेत्याला विचारा. अमेरिकेत सेंटर फॉर पेट सेफ्टी ही संस्था अशा चाचण्या करते आणि कुठली वस्तू कुठल्या वजनापर्यंत टिकली तेही सांगते. वजनाचा आकडा नसलेल्या दाव्यावर 32 किलोचा कुत्रा सोपवू नका.

बाजारात एक आखूड पट्टी सर्रास मिळते, एका टोकाला हूक आणि दुसऱ्या टोकाला सीटबेल्टच्या खाचेत बसणारी जीभ. दोन-तीनशे रुपयांत मिळते म्हणून सगळे तीच घेतात. मला ती एकट्यानं पुरेशी वाटत नाही. एक तर हलता-वळता कुत्र्याचा पंजा लाल बटणावर पडतो आणि ती सुटते. दुसरं, तिच्यात बहुधा इलॅस्टिक असतं, ते ऐन वेळी ताणलं जातं आणि कुत्रा समोरच्या सीटपर्यंत पोचतोच. त्यापेक्षा ज्या हार्नेसच्या पाठीवर रुंद फासा असतो आणि गाडीचा सीटबेल्टच त्यातून ओवून खाचेत लावता येतो, तो घ्या. मुलांच्या खुर्चीसाठी सीटच्या फटीत आयसोफिक्सच्या कड्या असतात, त्यांना अडकवायच्या पट्ट्याही मिळतात. पण त्या कड्या मूल आणि खुर्ची मिळून 33 किलोपर्यंतच्या वजनासाठी धरलेल्या असतात, तेही दोन्ही कड्या एकत्र वापरल्यावर. खंड्या एकटाच 32 किलोचा आहे. तुमच्यासाठी सीटबेल्टच बरा.

माप घेताना खंड्याला उभा करा आणि पुढच्या पायांच्या लगेच मागं, छातीचा सगळ्यात रुंद घेर टेपनं मोजा. हार्नेस घातल्यावर अंग आणि पट्टा यांच्यात दोन बोटं सपाट जायला हवीत. तिसरं गेलं तर सैल आहे. मग त्याला बसवा, झोपवा, परत उभा करा, कारण उभ्या कुत्र्याला बरोबर बसलेला पट्टा झोपल्यावर काखेत रुततो. काखेतली कातडी नाजूक असते आणि सहा-सात तासांच्या रस्त्यात ती सोलवटून निघते. छातीवरचा पट्टा छातीच्या मधल्या हाडावर यायला हवा. गळ्याकडं सरकत असेल तर तो हार्नेस परत करा, कितीही महाग असला तरी. सीटबेल्ट ओवल्यावर खंड्याला उठता, बसता आणि पडता यावं, पण दोन पुढच्या सीटमधल्या मोकळ्या जागेत त्याचं नाक पोचता कामा नये. घरासमोर गाडी उभी असतानाच पुढं बसून त्याला बिस्किट दाखवा आणि कुठवर येतो ते बघा.

बसायची रचना मी अशी करीन. सासूबाई पुढं आहेत तिथंच. खंड्या त्यांच्या मागं, म्हणजे डाव्या दाराशी. तुम्ही मध्ये, मुलगा गाडी चालवणाऱ्या बाबांच्या मागं. खंड्या डावीकडं हवा, कारण आपल्याकडं गाडी डाव्या बाजूला घेऊन थांबतात आणि तो रस्त्याच्या कडेला उतरतो, उजवीकडून येणाऱ्या ट्रकसमोर नाही. तुम्ही मध्ये असल्यात की त्याची धाप, लाळ, अस्वस्थपणा तुम्हाला आधी कळेल आणि तो मुलाच्या अंगावरही जाणार नाही. मुलाच्या बाजूच्या दाराचं चाइल्ड लॉक लावून ठेवा, त्यानंही डावीकडूनच उतरायचं. आणि तुम्हा सगळ्यांचे बेल्ट लागलेले हवेत. मागच्यांनाही ते कायद्यानं बंधनकारक आहेत, नाही लावले तर हजार रुपये दंड आहे, हे आपल्याकडं अजून अनेकांना पटत नाही.

सीटवर वॉटरप्रूफ कव्हर घाला, पण बेल्टच्या खाचा उघड्या राहतील असं. नुसतं झोळीसारखं कव्हर टांगलं म्हणजे कुत्रा सुरक्षित झाला असं समजणारे बरेच भेटतात. ते केस आणि चिखल अडवतं, धडक नाही. खंड्याच्या पायांखालची पोकळी मात्र भरून काढा. कपड्यांची एक मऊ बॅग तिथं घट्ट बसवली की सीट रुंद होते आणि घाटातल्या वळणावर त्याचा पाय खाली घसरत नाही. मोठ्या कुत्र्यांची निम्मी अस्वस्थता पाय टेकायला जागा नसण्याची असते. मोदकपात्र, समया, स्टीलचे डबे असलं काही त्याच्या मागं उघड्यावर ठेवू नका. सामान फारच होत असेल तर थोडं आधी कुणाबरोबर तरी गावी पाठवा.

पिंजऱ्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी कुणीतरी सुचवेलच म्हणून दोन शब्द. मोठ्या एसयूव्हीत डिकी आतून उघडी असते, तिथं मजबूत क्रेट पट्ट्यांनी चारही बाजूंनी जखडून ठेवला तर उत्तम. पण खंड्याच्या मापाचा क्रेट तीन-साडेतीन फूट लांब होतो आणि घडीच्या तारेचा क्रेट धडकेत चेपतो. टाकी असलेल्या तुमच्या डिकीत तो प्रश्नच मिटला. पुढच्या सीटवर किंवा सासूबाईंच्या पायाशीही त्याला घेऊ नका. तिथं एअरबॅग आहे, ती उघडताना जवळ असलेल्या कुत्र्याला ठार करू शकते.

खिडकीबाहेर डोकं काढणं आता बंद. मला माहीत आहे, त्याला ते किती आवडतं. पण डोळ्यात खडा किंवा किडा गेला तर बुबुळाला जखम होते, आणि पंजा काचेच्या बटणावर पडून काच वर येते तेव्हा मान अडकते. चालकाच्या दारावरचं काचा बंद ठेवायचं बटण दाबून ठेवा. वाऱ्यासाठी दोन बोटं काच खाली पुरे, बाकी एसी. खेड शिवापूर आणि आनेवाडीच्या टोलनाक्यावर मात्र काच पूर्ण वर. विकणारी मुलं काचेशी वाकतात आणि कुत्रा बिचकतो.

आता सासूबाई. मला त्यांचं म्हणणं समजतं. साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे दारात ऊन-पाऊस खात पडलेला, हे चित्र त्यांच्या डोळ्यासमोर असणार, आणि खंड्यावर त्यांचा जीव आहे म्हणूनच त्या तसं म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना कामात घ्या. खंड्याला हार्नेसची सवय लावायचं काम त्यांच्याकडं द्या. पहिले दोन-तीन दिवस हार्नेस नुसता त्याच्या ताटलीशेजारी पडू द्या. मग त्यांनी पोळीचा तुकडा हार्नेसच्या फाशातून पलीकडून दाखवायचा म्हणजे तो आपणहून डोकं घालेल. मग पाच मिनिटं अंगावर, मग जेवताना, मग संध्याकाळी घरात फिरताना. आठवड्याभरात हार्नेस दिसला की तो शेपूट हलवत येईल, आणि त्याला यात जाच नाही हे त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. त्यानंतर उभ्या गाडीत, दार उघडं ठेवून. मग इंजिन चालू. मग कॉलनीतल्या कॉलनीत. मग जिथं त्याला आवडतं तिथं, टेकडीवर वगैरे. गाडी जर नेहमी डॉक्टरकडंच जात असेल तर तो सीटवर बसल्यापासून कापायला लागणार, यात त्याचा दोष नाही.

आणि त्यांना एवढं विचारा, की नातवाला बेल्ट लावताना तुम्ही त्याला बांधता असं वाटतं का? घरचं लेकरू आहे म्हणूनच खंड्यालाही लावायचा.

रस्त्यावरचं बोलू. सीएनजी आदल्या रात्रीच भरून ठेवा. पंपावर गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरवतात, म्हणजे खंड्यालाही. गणपतीच्या रांगेत, रिक्षा आणि गाड्यांच्या गर्दीत, हॉर्नच्या आवाजात त्याला घेऊन उभं राहायची वेळ आणू नका. संपलाच गॅस तर पुढचा प्रवास पेट्रोलवर करा.

दोन तासांनी थांबा, पण धाब्याच्या दारात नको. तिथली कुत्री आपली हद्द राखून असतात, आणि खाली पडलेली कोंबडीची हाडं खंड्या तुमच्या आधी शोधतो. थोडं पुढं-मागं, मोकळी जागा बघा. उतरवण्याचा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा: दार बंद असतानाच हार्नेसला साखळी लावायची, साखळीचा फासा मनगटात घालायचा, मग सीटबेल्ट सोडायचा आणि शेवटी दार उघडायचं. बाहेरून दार आधी उघडायचं नाही, मुलानंही नाही, घाई लागली तरी नाही. हायवेवर कुत्रा सुटायचा धोका या एका क्षणात फार असतो. पाय मोकळे झाल्यावर उडी मारून चढायला लावू नका. लॅब्रेडॉरला खुब्याचा त्रास बऱ्याचदा असतो. पुढचे पाय सीटवर ठेवू द्या आणि मागून आधार देऊन चढवा.

कुंभार्लीत माकडं रस्त्याच्या कठड्यावर बसलेली असतात. घाट सुरू व्हायच्या आधी, कोयनानगरच्या आसपास, त्याला शू-शी करवून आणा आणि मग चिपळूणच्या बाजूला उतरेपर्यंत शक्यतो थांबू नका. गळ्यातला पट्टा असू द्या, पण फक्त तुमचा मोबाइल नंबर कोरलेल्या बिल्ल्यासाठी. अपघात झालाच तर मदतीला आलेल्या माणसांना भेदरलेला मोठा कुत्रा जवळ येऊ देत नाही, तेव्हाही तो बेल्टमध्ये असला तर तुमच्यापर्यंत पोचणं सोपं जातं.

गाडीत त्याला एकटं सोडायचं नाही. पाऊस आहे, ढग आहेत, पाचच मिनिटं, असं मनात येईल. बाहेर 30 अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत 40 होतात आणि अर्ध्या तासात पन्नाशीच्या जवळ जातं. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्रा धापून अंग थंड करतो आणि कोकणातल्या दमट हवेत धापूनही उपयोग होत नाही. लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, चाल झोकांडी जाणारी, असं दिसलं तर तिथल्या तिथं सावलीत घ्या, साधं पाणी अंगभर ओता, पोट आणि मांड्या भिजवा, वारा घाला किंवा एसी पूर्ण सोडा. आधी थंड करायचं, मग डॉक्टर गाठायचा. तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतू नका.

कायद्याचं म्हणाल तर 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये प्राण्याला विनाकारण त्रास होईल अशा रीतीनं वाहनातून नेणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये 57 वा नियम कुत्र्याला गाडीत हार्नेस, क्रेट किंवा जाळीनं आवरून न्या असं स्पष्ट सांगतो. आपल्याकडं इतकं स्पष्ट कुणी सांगत नाही, म्हणून घरातच ठरवावं लागतं.

राहिली गोळी. अ‍ॅव्होमिन घरात असते म्हणून देऊ नका. कुत्र्याला ती देतात कधीकधी, पण किती आणि द्यायची की नाही हे वजन आणि तब्येत बघून डॉक्टरच ठरवतील. कुत्र्यांच्या उलटीसाठी मॅरोपिटंट नावाचं औषध आहे, ते निघायच्या निदान दोन तास आधी द्यावं लागतं आणि गाडी लागण्यासाठीचा डोस साध्या उलटीच्या डोसपेक्षा जास्त असतो, म्हणून प्रवासासाठीच हवंय हे त्यांना सांगा. गुंगीचं औषध मात्र मागू नका. वरून कुत्रा शांत दिसतो, आत भीती तशीच राहते, रक्तदाब उतरतो आणि अंगाचा ताप आवरणंही जड जातं. पहाटे निघणार असाल तर रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं द्या, सकाळी खायला काही नको, पाणी थोडं थोडं. पोचल्यावर तासाभरानं जेवू द्या. बऱ्याच कुत्र्यांची उलटी सीटवर घसरत-आपटत गेल्यामुळं वाढते, घट्ट बसायला मिळालं की ती कमी होते, त्यामुळं आधी हार्नेसवर एखादी घाटातली छोटी फेरी करून बघा आणि मग औषध लागतं का ते ठरवा.

डॉक्टरकडं जालच तर लसीचं पुस्तक बरोबर न्या आणि लेप्टोची, म्हणजे उंदरांमुळं साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस वर्षाच्या आतली आहे ना ते बघून घ्या. भाद्रपदात गावातली डबकी, शेतातलं पाणी आणि उंदीर यांच्यात तो आठ-दहा दिवस फिरणार आहे. लस द्यायची असेल तर ती याच आठवड्यात द्या, निघायच्या आदल्या दिवशी नको.